मॅनेजर, मेहुणा आणि उरलेले दहा

रंगाच्या कारखान्यातले स्टोअरकीपर हेच कारखान्याच्या फुटबॉल संघाचे मॅनेजर होते, आणि सामना मॅनेजरच जिंकून देतो याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. संघाचा हुकमी स्ट्रायकर म्हणजे त्यांचाच मेहुणा. गोल पायाने होतात, भाषणाने नाही, असं त्याचं म्हणणं. हा वाद रोज जेवताना इतका चघळला गेला, की शेवटी बायकोनेच निकाल लावला: सेमीफायनल हरलात तर मॅनेजरपद माझ्या भावाकडे. स्टोअरकीपरांनी छातीठोकपणे होकार दिला.

सामन्याच्या दिवशी त्यांनी मेहुण्याला हवेचा पंप आणायला गोदामात पाठवलं. तेवढ्यात बसने हॉर्न दिला. उघडं दार दिसलं की ओढायचं, कुलूप घालायचं आणि दोनदा हिसका देऊन बघायचं, हा त्यांचा जुना शिरस्ता. हात आपोआप चालले. मेहुण्याची बॅगही, आतल्या फोनसकट, त्यांनीच बसमध्ये चढवली. तो नेहमीसारखा मोटरसायकलवर मागून येईल असं सगळ्यांनी गृहीत धरलं.

तो आला नाही. राखीव खेळाडू मॅनेजरांनी कधी ठेवलाच नव्हता. डावपेच असताना त्याची गरज काय? "घाबरला असेल," ते म्हणाले. "दहा जण पुष्कळ झाले. डोकं माझं आहे."

मध्यंतराला संघ दोन गोलांनी मागे होता आणि चेंडू मऊ पडला होता. मॅनेजरांनी पंप मागितला आणि त्यांचा हात खिशातल्या गोदामाच्या किल्लीवर गेला. कुणाला काही न सांगता ते टॅक्सीत बसले.

गोदामात मेहुणा रंगाच्या डब्यावर पंप मांडीवर घेऊन बसला होता.

"भाऊजी, वाद जिंकायला माणसं कोंडता होय?"

"चुकून झालं रे. चल लवकर, तुझ्यावाचून हरतोय आपण."

"हे ताईसमोर म्हणाल?"

मॅनेजरांनी टॅक्सीचं दार उघडून धरलं.

मैदानावर पोचले तेव्हा सामना संपला होता आणि दहा जण एकमेकांना मिठ्या मारत होते. तीन-दोन.

"बघितलंस? डावपेच माझेच."

"खेळले कोण? खेळाडूच ना?"

"त्यात तू नव्हतास."

"तुम्ही तरी कुठे होता?"

कर्णधार घाम पुसत जवळ आला आणि अदबीने म्हणाला, "साहेब, पोरांची एक विनंती आहे. फायनलला तुम्ही दोघांनी घरीच आराम करावा."

मॅनेजरपद शाबूत राहिलं होतं, संघ तेवढा हातचा गेला होता. परतताना मेहुणा म्हणाला, की कर्णधाराला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. मॅनेजरांना त्याचं म्हणणं पहिल्यांदाच शंभर टक्के पटलं.