दुसऱ्या बाजूचा ब्रेक

"आजपासून ही गाडी घरची नाही, कामाची आहे," असं मास्तरीणबाईंनी सकाळी चहा गाळता गाळता जाहीर केलं आणि घरातल्या तिघांनीही माना डोलावल्या. टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला काहीही विचारलं की तो जशी डोलावतो, तशा.

मास्तरीणबाई हे नाव नवऱ्याने ठेवलेलं. ड्रायव्हिंग शिकवण्याचा परवाना हातात आला त्या दिवशी त्याने ते थट्टेत घेतलं आणि सगळ्या घराने उचललं. तिनेही ते ठेवून घेतलं. एक दिवस हीच माणसं हेच नाव अदबीने घेतील, अशी तिची पक्की खात्री होती.

तिच्या डोक्यातलं चित्र अगदी स्वच्छ होतं. मुलगी होण्याआधी ती एका कुरिअर कंपनीच्या तक्रार विभागात होती. दिवसभर लोक फोनवर ओरडायचे आणि ती ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ म्हणायची. मग मुलगी झाली, नोकरी सुटली आणि ओरडण्याचं काम मुलीने हातात घेतलं. मधल्या काळात नवऱ्याने तिला गाडी शिकवली. म्हणजे तो ओरडत राहिला आणि ती शिकत गेली. एकदा भर चौकात गाडी बंद पडली. मागे भोंगे, शेजारी नवरा. त्या कोलाहलात तिला लख्ख दिसलं की आपल्याला पुढे काय करायचंय. ड्रायव्हिंग स्कूल काढायचं, तेही फक्त घाबरणाऱ्यांसाठी, आणि तिथे शिकवणाऱ्याने आभाळ कोसळलं तरी आवाज चढवायचा नाही.

मुलगी शाळेत एकटी जाऊ लागेपर्यंत हे चित्र तिने जपून ठेवलं. मग एक जुनी गाडी घेतली. शिकाऊ माणसाच्या शेजारच्या जागेत, शिकवणाऱ्याच्या पायाशी, दुसरा ब्रेक बसवून घेतला. टपावर पाटी लावली आणि डॅशबोर्डवर स्वतःच्या अक्षरातलं कार्ड चिकटवलं, ‘या गाडीत कोणी ओरडत नाही.’

घरच्यांनी या स्वप्नात लगोलग सुधारणा सुचवल्या. नवरा म्हणाला, "घाबरणारेच कशाला? सरसकट सगळे घे." सासूबाई म्हणाल्या, "त्यापेक्षा पाळणाघर काढ. घरातल्या घरात होतं, दूधही उतू जात नाही." मुलगी म्हणाली, "आई, शाळेच्या आसपास टपावरची पाटी काढून ठेवशील?" तिघांनाही तिने एकच उत्तर दिलं, "नाही."

आणि आज पहिला धडा होता. पहिली विद्यार्थिनी म्हणजे मोठ्या हॉस्पिटलातली एक नर्स. उभ्या आयुष्यात रक्त पाहून डोळा न मिटलेली ही बाई स्टिअरिंग हातात आलं की थरथरायची. बऱ्याच स्कूलमधून रडत परतली होती. फोनवर म्हणाली होती, "हा माझा शेवटचा प्रयत्न. जमलं तर वॉर्डातल्या आणखी जणी रांगेत आहेत. नाही जमलं तर मी आयुष्यभर बसने जाईन. फक्त एक करा, वेळेवर या. वाट बघताना माझा धीर सुटतो." त्या एका बाईवर सगळं स्कूल उभं होतं.

म्हणून ती तासभर आधीच निघाली. किल्ली हातात घेतली, आणि नवरा म्हणाला, "तू जातेच आहेस तर आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे सोडू."

या घरात तिला सर्वांत जास्त कशाची चीड येत असेल तर या चार शब्दांची. तू जातेच आहेस तर. एवढी वर्षं ती कुठेही गेली तरी कुणाच्या तरी कामालाच गेली होती. भाजीला निघाली की लाँड्री, दवाखान्यात निघाली की बँक. स्वतःच्या आईला भेटायला निघाली तेव्हासुद्धा हातात दुरुस्तीचा मिक्सर होता.

"मी कामाला चाललेय," ती म्हणाली.

"वाटेवरच तर आहे," नवरा म्हणाला. "आणि हिचा पोहण्याचा क्लासही. मी रजा काढलीय, मीच सगळ्यांबरोबर येतो. दे इकडे, मी चालवतो. तू नंतर चालवणारच आहेस."

वाद घालायला वेळ नव्हता. सासूबाई संत्र्यांची पिशवी घेऊन मागे बसल्या, त्यांच्या शेजारी कानांत इअरफोन खुपसून मुलगी. नवरा स्टिअरिंगवर आणि ती त्याच्या शेजारी, दुसऱ्या ब्रेकवर.

कोपरा वळताच नवरा म्हणाला, "तुझं ते काय आहे ते, दहाला ना? म्हणजे वेळच वेळ आहे."

तुझं ते काय आहे ते! समोर कार्ड होतं, तिच्याच अक्षरातलं. तिने ओठ मिटले, आणि गाडीने एक हलकासा गचका खाल्ला.

"हे काय झालं?" नवरा म्हणाला.

काय झालं ते तिला कळलं होतं. इतरांच्या तळपायाची आग मस्तकात जाते. तिच्या मस्तकातली आग तळपायात उतरली होती. पाय आपोआप दाबला गेला होता. छे, असं करायचं नाही, तिने स्वतःला बजावलं.

इतक्यात सासूबाई मागून म्हणाल्या, "माझ्या मैत्रिणीच्या सुनेनेही असंच काढलं होतं काहीतरी. शिवणकाम की काय. चार महिन्यांत हौस फिटली."

यावेळी पाय आपोआप गेला असं म्हणता येणार नाही. पिशवीतली संत्री सुटून सीटखाली घरंगळली, सासूबाईंचं कपाळ पुढच्या सीटला लागलं आणि मागचा स्कूटरवाला काहीतरी बोलला, ते मुलीने इअरफोन काढून नीट ऐकलं. खरं सांगायचं तर मास्तरीणबाईंना बरं वाटलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तिच्या मताचा कुणावर तरी परिणाम होत होता.

"गाडीत खोट आहे," नवऱ्याने निदान केलं.

"गाडी ठणठणीत आहे."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

शिकवण्याचा परवाना असलेल्या बाईला हे ऐकवल्यावर जे व्हायचं ते झालं. गाडी रस्त्याच्या मधोमध खिळली.

"बघ," नवरा विजयाने म्हणाला, "परत. जुनी गाडी गळ्यात मारलीय तुझ्या. असं कर, माझ्या मित्राचं गॅरेज इथेच आहे. या गाडीत मी तुला परक्या बाईला घेऊन जाऊ देणार नाही. जिवाशी खेळ आहे."

आता आली पंचाईत. ‘मीच दाबत होते’ एवढं म्हटलं असतं तर विषय मिटला असता. पण म्हणणार कशी? शांतपणे शिकवणाऱ्या स्कूलच्या संस्थापिका पहिल्याच दिवशी रागारागाने ब्रेक मारतात, हे सासूबाईंच्या तोंडून नातेवाइकांत पसरलं असतं. तिने गुळणी धरली. मागे मुलगी आरशातून तिच्याकडे टक लावून पाहत होती, तिकडेही तिने दुर्लक्ष केलं.

नवऱ्याचा मित्र शाळेत शेवटच्या बाकावरचा आणि गॅरेजात पहिल्या नंबरचा बडबड्या. त्याने बॉनेटवर थाप मारली, गाडीभोवती एक चक्कर घातली आणि म्हणाला, "वहिनी, काळजी सोडा. दहा मिनिटांत गाय करून देतो."

तेवढ्यात नर्सचा फोन आला. आतल्या ठोकाठोकीत ऐकू येईना म्हणून ती फाटकाबाहेर गेली.

"मॅडम, मी आले. तुम्ही दिसत नाही. मी जाऊ का परत?"

"जाऊ नका. मी निघालेच आहे."

"पाय कापायला लागलेत माझे."

"कापू द्या. पाय कापले तरी गाडी चालते," असं काहीबाही बोलत तिने तिला थोपवून धरलं. एवढी वर्षं सांभाळलेली गोष्ट कशापायी हातची चालली होती? डोळ्यांचा डॉक्टर, पोहण्याचा क्लास आणि स्वतःचा तळपाय.

ती परत आली तेव्हा बॉनेट बंद झालं होतं. "किरकोळ होतं," नवरा हात झटकत म्हणाला. "तू जा आता. आम्ही टॅक्सी करतो." तिला क्षणभर त्याची माया आली, आणि या मायेपायीच पुढचा घोटाळा झाला. धड्याआधी दुसरा ब्रेक दाबून बघायचा, हा तिचाच नियम. पण उशीर झालेला, गाडी नुकती गॅरेजातून आलेली आणि मन भरून आलेलं. ती तशीच सुसाट निघाली.

गोदामांच्या मागे एक मोकळा रस्ता आहे, शेवटी उतार आणि उताराच्या तळाशी चौक. नर्सने सुरुवात तर छान केली. गाडी थरथरत का होईना, पुढे गेली. उतार लागला, आणि तळाशी कचऱ्याचा मोठा ट्रक मागे मागे येत चौक अडवू लागला.

नर्स स्टिअरिंगला मिठी मारून बसली होती. मास्तरीणबाईंनी सवयीने आपला ब्रेक दाबला. उशीत पाय रुतावा तसा तो खालपर्यंत गेला. काहीही झालं नाही. तिने पुन्हा दाबला. गाडीचा वेग वाढला.

अशा वेळी माणूस किंचाळतो. तिलाही किंचाळायचं होतं, नवऱ्याचं नाव घेऊन, त्याच्या मित्राचं नाव घेऊन, डोळ्यांच्या तमाम डॉक्टरांची नावं घेऊन. पण समोर कार्ड होतं आणि शेजारी एक अशी बाई होती की मोठ्या आवाजाने तिचा हात सुटला असता. बाळाला झोपवताना काढतात त्या आवाजात मास्तरीणबाई म्हणाल्या, "आता जरा ब्रेक दाबू या."

"कितपत?" नर्सने विचारलं.

"ट्रक दिसतोय ना? तेवढा."

"एकदम की हळूहळू?"

"तुम्ही पेशंटला काय सांगता? हळूहळू, पण आत्ता."

नर्सने दाबला. गाडी थांबली. ट्रकमागची ‘सुरक्षित अंतर ठेवा’ ही अक्षरं काचेला टेकल्यासारखी दिसत होती. मास्तरीणबाईंचा पाय अजूनही तळाशी रुतलेला होता आणि तो वर यायला तयार नव्हता.

नर्स तिच्याकडे वळली. डोळे भरले होते. "मॅडम, आजवर सगळे मास्तर माझ्याआधी ब्रेक दाबायचे. मला कधी कळलंच नाही की मी गाडी थांबवू शकते. तुम्ही पायसुद्धा हलवला नाहीत. एवढा विश्वास माझ्यावर कोणी टाकलाच नव्हता."

मास्तरीणबाईंनी घाम पुसला. "पद्धतच आहे आमची," त्या म्हणाल्या.

घरी जायच्या आत वॉर्डातून फोन सुरू झाले. ब्रेकला पाय न लावणाऱ्या त्या बाई तुम्हीच का? उद्या सकाळी एक, परवा दोन. ज्या क्षणाची तिने एवढी वर्षं वाट पाहिली तो आला होता, आणि तिला आनंद करायला फुरसत नव्हती, कारण ती संतापाने धुमसत होती. ती तडक डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. क्लास उरकून आलेल्या मुलीसह तिघं फुटपाथवर उभी होती.

"त्या ब्रेकचं काय केलंत?" तिने काच खाली करून विचारलं.

"अगं हो, सांगायचं राहिलंच," नवरा दार उघडत म्हणाला. "तो तुझ्या बाजूचा ब्रेकच मध्ये मध्ये लागत होता. मित्राने त्याची तार काढून टाकली. तसाही तुला कशाला हवा? तू तर शांतपणे शिकवणार ना. सरक, मी चालवतो. दमली असशील."

ती सरकली. तोंड उघडलं असतं तर ओरडली असती, म्हणून मुकाट सरकली.

"आधी गॅरेजात," ती दातांतून म्हणाली. "तो ब्रेक आजच्या आज जोडायचाय. उद्या सकाळी धडा आहे."

"बघू गं, घाई काय आहे? बघ, कशी लोण्यासारखी चालतेय. एक गचका नाही. म्हटलं नव्हतं, खोट गाडीतच होती?"

"आणि हीसुद्धा किती शांत बसलीय आज," सासूबाई मागून कौतुकाने म्हणाल्या.

तिचा पाय तळाला टेकला होता, पार सीटवरून उठेपर्यंत ती दाबत होती.

"गॅरेज उद्या-परवा," नवरा म्हणाला. "तू जातेच आहेस तर आता आईच्या चष्म्याचं दुकान करू, मग..."

"थांबव!"

ही हाक तिने दिली की गाडीच्या भोंग्याने, हे कुणालाच क्षणभर कळलं नाही. नवऱ्याने दोन्ही पाय ब्रेकवर आपटले. गाडी जागच्या जागी उभी राहिली. सकाळी वाचलेली संत्री आता पुढे आली.

"उतर," ती म्हणाली. "आधी खाली उतर."

लग्न झाल्यापासून अहो-जाहो करणारी सून एकेरीवर आलेली पाहून सासूबाईंनी चष्म्याशिवायच डोळे मोठे केले. मग नवऱ्याने हळूच बोट दाखवलं. डॅशबोर्डवर कार्ड होतं. या गाडीत कोणी ओरडत नाही.

तिची मान खाली गेली. पहिल्याच दिवशी, आणि स्वतःच.

मुलीने दप्तरातलं पेन काढलं, मागून हात पुढे केला आणि ‘या गाडीत’च्या आधी एक शब्द लिहिला. आता कार्डावर होतं, ‘शिकणाऱ्यांवर या गाडीत कोणी ओरडत नाही.’

"घरच्यांचं वेगळं," मुलगी म्हणाली आणि इअरफोन पुन्हा कानात घातले.

नवरा उतरला, वळसा घालून दुसऱ्या बाजूला येऊन बसला. मास्तरीणबाईंनी आरसा जुळवला, गाडी चालू केली. चष्म्याचं दुकान आलं आणि मागे गेलं. गॅरेजकडच्या वळणावर ती जरा वेगातच वळली. नवऱ्याने डाव्या हाताने दार धरलं, उजव्याने सीट धरली आणि उजवा पाय ताठ करून जोर लावला.

मुलीने वाकून खाली पाहिलं.

"बाबा, पाय काढ," ती म्हणाली. "आईनेही दिवसभर दाबून पाहिला. आता तो लागत नाही."