तेल डोळ्यांदेखत चढलं पाहिजे

डॉक्टरीणबाईंनी ओट्यावर घरातलं सगळ्यात मोठं पातेलं ठेवलं, त्यात इंजिन ऑइलचा अख्खा डबा उपडा केला आणि नवऱ्याला हाक मारली, "अहो, या! तुमची अट पुरी होताना बघायला या."

नवरा पेपराची घडी घालत आला. नात्यागोत्यात त्यांना सगळे अटवाले म्हणत. विमा कंपनीत त्यांचा जन्म गेला होता, तोही लोकांचे दावे कुठल्या अटीत बसत नाहीत हे शोधण्यात. निवृत्त झाल्यावर शोधायला दावे उरले नाहीत, म्हणून त्यांनी घरातच अटी घालायला सुरुवात केली होती. ताजी अट लेक आणि जावयासमोर घातलेली होती. रविवारची दुपार संपायच्या आत बाईंच्या पंपानं अटवाल्यांच्या डोळ्यांदेखत तेल वर चढवलं, तर गाडी राहील. नाही तर भंगारवाल्याकडे जाईल.

गाडी बाईंच्या वडिलांची. बाईंपेक्षा वयानं मोठी, आणि तिच्या स्टिअरिंगवर त्यांनी वडिलांच्या मांडीवर बसून पहिल्यांदा हात ठेवला होता. कित्येक वर्षं ती पोर्चमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. दवाखाना बंद केल्यावर बाईंनी ताडपत्री काढली, इंजिन खोललं आणि शेवटी येऊन अडकल्या त्या ऑइल पंपापाशी. इंजिनाच्या तळातलं तेल उचलून सगळ्या भागांना पोचवणारा हा पंप बंद पडला, की इंजिन घासून घासून जळून जातं. नवा मिळत नव्हता. पण पंपाच्या पोटात दोन दातेरी चाकं असतात, आणि दात म्हटले की बाई कुणाच्या बापाला भीत नसत. अख्खं आयुष्य त्यांनी लोकांचे दातच तर दुरुस्त केले होते.

दवाखान्यातली हत्यारं काढून त्यांनी चाकांचा एकेक दात खरवडला, घासला, चकचकीत केला. झिजलेली झाकणपट्टी बदलली. आणि मग, सवयीचा भाग म्हणून, सगळे भाग निर्जंतुक करायच्या भांड्यात उकळून गरम हवेनं खडखडीत वाळवले.

आता पंप पातेल्याच्या काठाला शिकंज्यानं आवळलेला होता. त्याची जाळी तेलात बुडाली होती, आणि तोंडाला दवाखान्यातली थुंकी ओढायची लांबलचक पारदर्शक नळी जोडली होती. बाईंनी ड्रिल मशीन पंपाच्या दांड्याला लावलं आणि बटण दाबलं.

घर्रर्र झालं. तेलात चार बुडबुडे आले. नळी कोरडीच राहिली.

"चढलं?" अटवाल्यांनी विचारलं.

"थांबा की जरा!"

पुन्हा घर्रर्र. पुन्हा बुडबुडे.

"मी पाहिलं," अटवाले म्हणाले. "नीट, चष्मा लावून पाहिलं. नाही चढलं." आणि तिथंच उभं राहून त्यांनी भंगारवाल्याला फोन लावला. "हां, या तुम्ही. ट्रक घेऊनच या."

"दुपार अजून संपली नाही!" बाई कडाडल्या.

"नाही ना. संपेपर्यंत फिरवत बस." ते शीळ घालत बाहेर गेले. ती शीळ बाईंच्या फार जिव्हारी लागली.

त्यांनी पंप खोलला आणि चाकांवर बोट फिरवलं. बोटाला काही म्हणजे काही लागलं नाही. बाई स्वतःवरच चरफडल्या. इतकी वर्षं ज्या रोग्यांना सांगत आल्या, की लाळ सुटली नाही तर तोंडात घास फिरत नाही, त्याच बाईंनी पंपाचं तोंड पार कोरडंठाक करून ठेवलं होतं! दातांच्या फटीत ओलावाच नाही, तर तो तेल ओढणार कशानं? नुसती हवा घुसळत बसणार. दातांमध्ये आधी काहीतरी चिकट आणि घट्ट भरायला हवं होतं.

अटवाले टाचांच्या भेगांना लावायचे ती पेट्रोलियम जेलीची बाटली बाईंनी कपाटातून काढली आणि अर्धीअधिक पंपात लोटली. त्या टाचांविषयी त्यांना आज अजिबात दया वाटली नाही. झाकण आवळून त्यांनी पुन्हा बटण दाबलं.

नळी एकदा गचकली, पिवळी झाली आणि ओट्यावरून फणा काढल्यासारखी उठली. तेलाची चिळकांडी थेट छतावर गेली आणि बाईंच्या डोक्यावर परत आली.

"चढलं! अहो, चढलं! लवकर या!"

अटवाले हॉलमध्ये ताडकन उभे राहिले. बायकोच्या त्या आवाजातच त्यांना सगळं कळलं. पण कळणं वेगळं आणि डोळ्यांनी पाहणं वेगळं, हा फरक त्यांना त्यांच्या नोकरीनं शिकवला होता. ते तडक बाथरूममध्ये शिरले आणि त्यांनी आतून कडी घातली.

"अहो, बाहेर या!"

"मी आंघोळ करतोय."

"सकाळी केलीत ना?"

"पुन्हा करतोय. घाम आलाय."

"पंप चाललाय! बघायला या!"

"तेल माझ्या डोळ्यांदेखत चढायला हवं, एवढंच ठरलंय. मी बघायला येईन असं कुठं ठरलंय?" आणि आत शॉवर सुरू झाला.

बाईंचं डोकं भणाणलं. पळवाट काढून हा माणूस वडिलांची गाडी भंगारात घालणार? त्यांनी तेलानं भरलेलं पातेलं पंपासकट उचललं आणि डुचमळत बाथरूमच्या दारापाशी नेऊन स्टुलावर ठेवलं. ड्रिलसाठी एक्स्टेन्शन बोर्ड ओढला. बाथरूमच्या दारावर हवेसाठी उघडी झडप होती. नळी तिथपर्यंत पोचत होती, पण बाईंचा एक हात ड्रिलला आणि दुसरा डुगडुगणाऱ्या पातेल्याला लागत होता. नळी कोण धरणार?

तेवढ्यात बेल वाजली. दारात भंगारवाला उभा होता.

"साहेबांनी बोलावलंय. गाडी न्यायचीय ना?"

"आत या. चपला काढा. हे धरा."

"पण ताई..."

"बोलू नका. हात वर. अजून वर. हं, असेच राहा."

भलेभले रोगी त्या आवाजापुढं मुकाट्यानं आ करत. भंगारवाल्यानं मुकाट्यानं हात वर केला आणि नळीचं टोक झडपेतून आत सरकवलं. बाईंनी बटण दाबलं.

आतून अशी किंकाळी आली, की भंगारवाल्याच्या हातून नळी निसटली आणि उरलेली चिळकांडी त्याच्या शर्टावर बसली. कडी निघाली. टॉवेल गुंडाळलेले अटवाले बाहेर आले. डोक्यावर फेस होता, फेसावर तेल होतं आणि दोन्ही डोळे गच्च मिटलेले होते.

"चढलं की नाही?" बाईंनी विचारलं.

"मला काय माहीत? डोळ्यांत साबण होता."

"साहेब, तुमच्या नाकावरून ओघळतंय," भंगारवाला म्हणाला.

"असेल. मी पाहिलेलं नाही."

"मग उघडा की डोळे!"

"नाही उघडणार. दुपार संपेपर्यंत नाही उघडणार."

बाईंना एकदम रडू आलं, आणि रडू आलं याचा त्याहून जास्त राग आला. "ऐका," त्या म्हणाल्या. "माझ्या बाबांची एवढी एकच वस्तू माझ्याकडे आहे. ती तुम्हाला काढायची असेल, तर आधी तिचा जीव हातानं बघा. घ्या हे ड्रिल. मिटा डोळे, मिटायचे तेवढे. आणि दाबा बटण."

असं करायला कुठल्याही अटीनं मनाई नव्हती. अटवाल्यांनी चाचपडत ड्रिल हातात घेतलं. बाईंनी नळीचं टोक पातेल्यात धरलं आणि अटवाल्यांची मोकळी मूठ मधल्या नळीवर ठेवली.

पंप फिरला. मुठीतली नळी ताठ झाली, थरथरली, कोमट झाली. अटवाल्यांनी आयुष्यभर फक्त गोष्टी थांबवल्या होत्या. त्यांच्या हातून काहीतरी सुरू व्हायची ही पहिलीच वेळ होती. मग फेसाच्या आडून त्यांचा एक डोळा हळूच उघडला.

"पाहिलंत!" बाई ओरडल्या.

अटवाल्यांनी डोळा झटकन मिटला. "एकाच डोळ्यानं पाहिलं," ते म्हणाले. "त्यामुळे दावा निम्माच मंजूर. अर्धी गाडी राहील."

"आणि अर्धी मी कापून नेऊ?" भंगारवाल्यानं शर्ट पिळत विचारलं.

"चालेल," बाई म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले आणि कमरेवर हात ठेवले. "इंजिनाकडची अर्धी माझी. डिकीकडची अर्धी यांची. जा, घेऊन जा यांची."

भंगारवाला दाराकडे वळला.

"ओ, थांबा!" अटवाले ओरडले. "कुठं चाललात?"

"तुमची अर्धी न्यायला."

"माझी विकायची नाही."

"अहो, तुम्हीच तर मला बोलावलंत!"

"बोलावलं होतं तेव्हा मला गाडीत हिस्सा नव्हता," अटवाले म्हणाले. त्यांनी टॉवेलच्या टोकानं दोन्ही डोळे स्वच्छ पुसले, ड्रिल घट्ट धरलं आणि पातेल्यावर वाकून पुन्हा बटण दाबलं. "आणि तुम्ही जरा बाजूला व्हा हो. उजेड अडवताय, मला दिसत नाहीये."