कप्तानबाबांची शेठाणी

आमच्या शहापूर तालुक्यात माणसाचे पाय धुऊन मगच त्याला वाहनात चढवणारा एकच इसम होता. त्याच्याविरुद्ध पत्रक काढणारी कार्यकर्तीही एकच होती. ती मी.

खर्डीच्या अंगाला धरणाचा फुगवटा आहे. भिंतीनं अडलेलं पाणी मागे मागे जंगलात शिरतं, तो फुगवटा. त्याच्या पलीकडच्या काठावर भोकरपाडा, तीसेक झोपड्यांची कातकरी वस्ती. पाणी चढलं तेव्हा पाड्याची बाजाराची वाट त्यात गेली. तेव्हापासून लाकडाचा भारा विकायचा असो की दवाखाना गाठायचा असो, डोंगराला वळसा घालून तीन तास चालायचं. ‘शहराला पाणी मिळालं, पाड्याला वळसा मिळाला.’ हे वाक्य माझ्या पहिल्या पत्रकातलं आहे आणि ते मला अजूनही आवडतं.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. मी संघटनेत नवीन होते. फुगवट्यावर कुणी म्हातार्‍यानं शिडाची होडी सुरू केलीय आणि पाड्यावरच्या लोकांचे पाय धुतल्याशिवाय तो त्यांना आत घेत नाही, असं कानावर आलं. माझं डोकं फिरलं. चौकशी आधी करायची असते हे आम्हाला शिबिरात शिकवलं होतं, पण चौकशीच्या आधी माझं पत्रक लिहून झालं आणि छापूनही आलं. ‘कष्टकर्‍यांच्या पायांना विटाळ मानणार्‍या बोटमालकाचा जाहीर निषेध!!’ उद्गारचिन्हं दोन.

गठ्ठा घेऊन मी काठावर पोचले, तर एक उंच, काटकुळा म्हातारा, इस्त्रीची पांढरी अर्धी चड्डी, पितळी बटणांचा पांढरा सदरा, उकिडवा बसून धर्मीबाई कातकरणीच्या पायांवर तांब्यानं पाणी घालत होता. स्वतःच्या हातांनी. मग त्यानं टॉवेलनं तिचे पाय टिपले, हाताला धरून तिला होडीत चढवलं आणि मागे उभ्या असलेल्या तिच्या बकरीचा खूर हातात घेतला.

माझं पत्रक त्यानं हात लांब करून शेवटपर्यंत वाचलं.

"झकास लिवलंस गो. एक र्‍हायलं. बकर्‍यांचे पण धुतो मी, ते घाल."

मग म्हणाला, "पाय पुढं कर."

केले. काय करणार? उरलेली पत्रकं त्यानं मागून घेतली. कागद जाड होता. वर्षभर त्या कागदांनी तो होडीचं पितळ पुसत होता.

पाय धुण्यामागे विटाळ नव्हता, लाकूड होतं. वाळूचा कण पायाबरोबर आला की तेल पाजलेल्या फळीवर चरा पडतो. "लाकडाला वाळू चावते," कप्तानबाबा म्हणायचे. हे त्यांचं लोकांनी ठेवलेलं नाव. खरं नाव दामू सुतार. मुरबाडकडचे, सिद्धगडाच्या पायथ्याचे. बापजाद्यांनी नांगर आणि चौकटी केल्या. दामूला मात्र एका ठेकेदारानं तरुणपणी मुंबईच्या गोदीत नेलं. तिथे कुणा धनिकाचं जुन्या घाटाचं, दोन डोलकाठ्यांचं लाकडी गलबत होतं. श्रीमंत लोक ते आठवडा आठवडा भाड्यानं घेत आणि गोव्यापर्यंत, त्याच्याही खाली हिंडून येत. "दार दुरुस्त कराया चढलो नि तीस वर्षांनी उतरलो," कप्तानबाबा सांगत.

त्या गलबतावरच्या थाटाच्या कथा मी दात खात ऐकायची. खाली निजायच्या खोल्या, प्रत्येक खोलीत चंदनी साबण. चांदीच्या भांड्यात बर्फ. समुद्रात डुंबून वर आलेल्या पाहुण्याला टॉवेल द्यायला एक वेगळा माणूस.

"एका माणसाला टॉवेल द्यायला दुसरा माणूस!" मी.

"तो मी," कप्तानबाबा छाती फुगवून म्हणाले.

मी त्यांना श्रमाच्या शोषणावर अर्धा तास ऐकवलं. त्यांनी मन लावून ऐकलं. मग विचारलं, "पण ताय, वल्या माणसाला टावेल द्यायला हरकत काय?" तो प्रश्न मी पुढच्या शिबिरासाठी वहीत लिहून घेतला.

पुढे मालकानं गलबत विकून इंजिनाची फायबरची बोट घेतली. तीत सुताराला काम नव्हतं. दामू परत आला आणि फुगवट्याच्या खर्डीकडच्या काठावर बहिणीच्या पडीक तुकड्यात खोपटं बांधून राहिला. पाण्याखाली गेलेल्या गावांतल्या घरांचे वासे लोकांनी काढून आणून रचून ठेवले होते. ते मागून घेऊन त्यानं एकट्यानं दोन वर्षं ही होडी घडवली. तेलाचे सात हात दिले. एक हात वाळायला आठ दिवस. पाड्यावरचे लोक काठावर ताटकळत, हा फळीला बोट लावून सांगे, "अजून वली हाय." इतका वेळ नटायला लावते म्हणून लोक होडीला शेठाणी म्हणू लागले.

शेठाणीवर पांढर्‍या अभ्र्यांच्या गाद्या होत्या, लोड होते. जन्मात लोडाला न टेकलेल्या बाया गादीच्या कडेवर अंग चोरून बसत, आणि कप्तानबाबा म्हणत, "टेका, टेका. गेस्टनी टेकायचं असतं." गेस्ट हा त्यांचा लाडका इंग्रजी शब्द, आणि त्यात सगळे बसत. तबकातून कोकमाचं सरबत फिरे. लाकडाच्या भार्‍याला ते लगेज म्हणत. भाडं म्हणजे ज्याच्या हाताला जे येईल ते. एखादा भोपळा, मूठभर नागली, नाहीतर नुसतंच "येतो रं."

लक्ष्मण नावाचा एक म्हातारा होता. आख्खा बाजार त्याला "ए लक्ष्या" म्हणे. शेठाणीवर तो लक्ष्मणशेठ. "लक्ष्मणशेठ, आजून घेणार?" असं विचारल्यावर तो पहिल्यांदा मागे वळून बघायचा, आणखी कोण बसलंय ते. वर्षभरानं हाच लक्ष्मण रेशन दुकानात हाकेला ओ न देता उभा राहिला. दुकानदार "ए लक्ष्या, ए लक्ष्या" ओरडून थकला. शेवटी वैतागून त्यानं कार्ड वाचलं आणि नाव घेतलं. रॉकेल सगळ्यांच्या मागून मिळालं, पण लक्ष्मण म्हणून मिळालं. आत्मसन्मानावर माझी तोवर चार पत्रकं निघाली होती. त्यांनी हे झालं नव्हतं.

तरीही माझा त्यांच्यावर राग होता, आणि तो मी तोंडावर सांगायची. रस्ता मागायचा तर गैरसोय दिसली पाहिजे. तुम्ही गैरसोयीला गादी घातलीत. उद्या सरकार म्हणेल, यांचं चाललंय की छान.

शिवाय ही होडी वार्‍यावर चालायची. वारा पडला की पाण्याच्या मध्यावर थांबायची. लोक हातानं पाणी मारत, बकर्‍या ओरडत, आणि कप्तानबाबा शांतपणे दुसर्‍यांदा सरबत देत. वल्ही का ठेवत नाही विचारलं तर म्हणाले, "वल्हवणं म्हणजे मजुरी. गेस्टसमोर मजुरी दावायची नाय."

मग एका भर दुपारी धर्मीबाईच्या नातीला फुरसं चावलं. मी त्या दिवशी पाड्यावरच होते. पोरीचा पाय सुजत चालला होता. आम्ही तिला होडीत घातलं आणि शंभर हात गेलो नसू, तर वारा पडला. एक पान हलेना. धर्मीबाई नुसती कप्तानबाबांकडे बघत राहिली. त्यांनी पुढची गादी उचलून बाजूला फेकली. खाली दोन वल्ही होती, कापडात गुंडाळलेली. पासष्टीच्या त्या माणसानं पलीकडचा काठ येईस्तोवर मान वर केली नाही. पोरगी वाचली. दुसर्‍या दिवशी मी गेले, तर त्यांच्या तळहातांना हळद लावलेली होती आणि चेहरा पडलेला. खाली बघत म्हणाले, "कुठं बोलू नको गो. गेस्टसमोर वल्हं काढलं मी."

पुढच्या वर्षी, आमच्या कितव्या अर्जावर कोण जाणे, रस्त्याची पाहणी करायला एक साहेब आले. वळसा कोण चालणार? ते शेठाणीतून आले. पाय धुऊन घेतले, लोडाला टेकले, दोन पेले सरबत प्यायले. पाड्यावर आंब्याखाली बैठक बसली तेव्हा ते भलतेच प्रसन्न होते.

"अहो, एवढी सुंदर सोय असताना जंगल तोडून रस्ता कशाला?" साहेब म्हणाले आणि फाइल उघडून लिहायला लागले. जलवाहतूक उपलब्ध.

मी कप्तानबाबांकडे बघितलं. ते बघणं बरं नव्हतं, हे मला आज कबूल आहे. धर्मीबाईची नात तिच्या मांडीवर होती. एवढी एक ओळ कागदावर पक्की झाली की पुढची वीस वर्षं कुणी रस्त्याचं नाव काढणार नव्हतं.

कप्तानबाबा उभे राहिले.

"तसं लिवू नका, सायेब. ती बोट बरी नाय."

साहेब हसले. मी आत्ताच बसून आलो, उत्तम आहे, म्हणाले.

"तुमी गेस्ट व्हता. गेस्टला उत्तमच दावायचं असतं." त्यांनी काठाकडे हात केला. "वारा पडला का ती नुसती खाट. पावसाळ्यात पाणी उसळलं का मीच तिच्यात चढत नाय. मे महिन्यात गाळात बसते. ही पोर वाचली ती नशिबानं, बोटीनं नाय. सोय नाय सायेब ती. हौस हाय माझी."

सातव्या हातासाठी लोकांना काठावर थांबवणारा माणूस भर बैठकीत आपल्या होडीची एकेक खोड सांगत होता, आणि कुठलीही वाढवून सांगत नव्हता. साहेबांनी लिहिलेली ओळ खोडली. परत जाताना कप्तानबाबांनी त्यांना तितक्याच अदबीनं हात देऊन होडीत चढवलं.

रस्ता झाला. दोन पावसाळे खाऊन झाला, पण झाला. आधी जीप आली, मग सकाळ-संध्याकाळची एसटी. आम्ही पेढे वाटले. मी ‘लढ्याला यश!’ असं पत्रक काढलं. त्यात संघटना होती, पाडा होता, एकजूट होती. दामू सुतार हे नाव नव्हतं. ही चूक नजरचुकीनं झाली असं म्हणायची सोय नाही. मला ते सुचलंच नाही.

नंतर मुरबाडकडे वनजमिनीचं आंदोलन पेटलं आणि मी सातआठ महिने तिकडेच होते. परत आले तेव्हा काठावर गेले. शेठाणी खुंटाला होती. पितळ लखलखत होतं, अभ्रे धुतलेले, तबकात पेले उपडे घातलेले. कप्तानबाबा पांढर्‍या सदर्‍यात बसून होते. कुणी येतं का, हे मी विचारलं नाही. त्यांनीच लक्ष्मणशेठच्या गुडघ्याचं विचारलं, धर्मीबाईची नात शाळेत जाते का विचारलं. मग म्हणाले, "येष्टीत टेकाया मिळतं का गो त्यांना?"

मी म्हटलं, उभं राहायला मिळालं तरी खूप.

त्यांनी मान हलवली. रस्ता पायजेच होता, असं दोनदा म्हणाले. तीस वर्षं पाण्यावर काढलेल्याला पोरगी कोण देणार, म्हणून संसार राहून गेला, तेही मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि तेही ते हसत हसत बोलले. मग जरा खाकरून म्हणाले, "माजं एक पत्रक काडशील?"

मला वाटलं, नुकसानभरपाई. मी कागद काढला आणि सवयीनं वर ‘जाहीर’ लिहिलं. ते शब्द जुळवत राहिले.

"लिव. बोट रोज हाय." पाण्याकडे बघितलं. "आनि लिव, का बोटीत बसाया काम लागत नाय."

एवढंच. मी ‘जाहीर’ खोडलं. उद्गारचिन्ह घातलं नाही. पाड्यावर वाचणारे थोडे, म्हणून घरोघरी जाऊन वाचून दाखवलं. काम नसताना पाण्यावर कोण जातो, एवढं विचारून धर्मीबाई तांदूळ निवडत राहिली.

रविवारी सकाळी मी मुद्दाम काठावर थांबले. पाड्याचे लोक त्यांच्या काठावर जमलेले बघून कप्तानबाबांनी शेठाणी तिकडे नेली, मीही आत होते. धर्मीबाई, तिची नात, लक्ष्मण, आणखी दोन बाया. कुणाच्या डोक्यावर भारा नव्हता, हातात पिशवी नव्हती. सगळे चढले. धर्मीबाई थेट मधल्या लोडाला टेकून बसली.

"कुठं सोडू?" कप्तानबाबांनी विचारलं.

"सोडू नको," धर्मीबाई म्हणाली. "नुसता फिरव."

कप्तानबाबा पाठ फिरवून शिडाच्या दोरीची गाठ सोडत बसले. बराच वेळ बसले. गाठ तर केव्हाच सुटली होती.