सुईवाल्याचा हातगुण

तुळिंजच्या भाजीबाजारात संध्याकाळच्या गर्दीत कोथिंबिरीच्या जुडीशी बोलणारे एक गृहस्थ दिसले, तर घाबरू नका. ते आमचे मयेकर काका. जुडी उचलतात, डोळ्यांसमोर धरतात आणि हळूच विचारतात, "नेऊ का तुला? आमटीत घालायचंय. एकट्याची आमटी आहे, जास्त लागणार नाहीस." मग कोथिंबिरीला विचार करायला थोडा वेळ देतात. मागे बायका खोळंबतात. भाजीवाला भैया आता सरावला आहे. "चाचा, हाँ बोली क्या?" असं तो शांतपणे विचारतो. "बोली," म्हणत काका पिशवी उघडतात.

"विचारून घ्यावं" हे त्यांचं ब्रीदवाक्य. सोसायटीच्या कढीपत्त्याला ते आधी विचारतात आणि मग कोणासाठी नेतोय तेही सांगतात. आमचं दार सताड उघडं असलं, बायकोने स्वतः जेवायला बोलावलेलं असलं, तरी उंबऱ्याबाहेर उभे राहून "येऊ का?" म्हणतात आणि उत्तराची वाट बघतात. एकदा कुकरच्या शिट्टीत बायकोला ऐकू गेलं नाही, तर काका तिथेच उभे. वरण गार झालं.

काका आमच्याच मजल्यावर, समोरच्या दारात राहतात. मूळचे मालवणकडचे. लग्न केलं नाही, भाऊबंद गावी. चौतीस वर्षं मुंबईतल्या एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम केलं. त्यामुळे माणसं त्यांना चेहऱ्यावरून कमी आणि शिरांवरून जास्त लक्षात राहतात. आम्ही इथे राहायला आलो त्या दिवशी मी नमस्कार केला, तर त्यांनी माझा हात धरून कोपराच्या लवणीत अंगठा दाबला आणि म्हणाले, "खोल आहे हो शीर. पाणी कमी पिता." तिसऱ्या मजल्यावरच्या शिर्केबाईंचं नाव ते विसरतात, पण "त्या नाही का, उत्तम शिरेच्या," असं कौतुकाने सांगतात. शिर्केबाईंना हे कौतुक कळल्यापासून त्या पूर्ण बाह्यांचे ब्लाउज घालतात.

रिटायर झाल्यावर डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून काका दर रविवारी हायवेच्या पलीकडे तुंगारेश्वरच्या डोंगरात जायला लागले. एका रविवारी पाय मुरगळला. वरच्या पाड्यावरच्या एका बाईने त्यांना आधार देऊन आपल्या घरी नेलं. ती काशी. तिची सासू म्हणजे बुधीआजी, झाडपाल्याचं औषध देणारी वारली जमातीची म्हातारी. तिने निर्गुडीचा पाला गरम केला, काकांसमोर बसली आणि सुजलेल्या घोट्याकडे बोट दाखवून म्हणाली, "लावू का हात?"

एवढंच. पण काका ते सांगताना अजून थांबतात. "चौतीस वर्षं मी काय म्हणत होतो? मूठ आवळा. पुढचा. मूठ आवळा. पुढचा. एकालाही विचारलं नाही हो, की टोचू का."

घोटा आठवड्यात बरा झाला. काका मात्र तेव्हापासून गेले ते गेलेच. पुढच्या रविवारी ते पुन्हा पाड्यावर हजर झाले आणि मला शिकवा म्हणून बसून राहिले. माझ्या ऑफिसातल्या एक बाई अशाच काहीतरी शिक्षणासाठी हिमालयात गेल्या होत्या. तिथे पांढरी गादी होती, फळांचा नाश्ता होता आणि परत येताना सर्टिफिकेट मिळालं. काकांना बुधीआजीने पहिलं वर्षभर फक्त पाणी भरायला लावलं. नाव विचारलं नाही. काय काम करायचास एवढं विचारलं, आणि तेव्हापासून त्यांना "सुईवाल्या" अशी हाक पडली.

काका मुळात लॅबचे. त्यांनी एक जाड वही केली. दर पानावर एक पाला चिकटवायचा आणि खाली लेबल लावायचं: नमुना क्रमांक अमुक, वास कडू, उपयोग खोकला. आजीला वही दाखवली तेव्हा तिने ती उलटी धरून पाहिली, सुलटी धरून पाहिली. "ही मेलेली हायत," म्हणाली, "यांना काय विचारशील?" ती परीक्षा घ्यायची डोळे मिटून. पाला चुरगाळून नाकापाशी धरायचा आणि ओळखायचं. काका अडुळशाला निर्गुडी म्हणत आणि निर्गुडीला देवाचं नाव घेत. आजी कपाळावर हात मारायची. मागे भाकरी थापत बसलेली काशी ओठ हलवून उत्तर सांगायची. पण काकांचे डोळे मिटलेले असल्यामुळे त्याचा फायदा होत नसे.

त्या वहीचा शेवट आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेमुळे झाला. पाण्याच्या टँकरवरून नेहमीची भांडणं चालली होती. वातावरण निवळावं म्हणून काकांनी वही फिरवायला दिली. नमुना एकतीस सगळ्यांना फार आवडला. सोनेरी, मऊ लव असलेली शेंग, खाली लेबल "मखमली शेंग". चेअरमननी तिच्यावरून प्रेमाने बोट फिरवलं. ती खाजकुयली होती. पाच मिनिटांत अख्खी कार्यकारिणी उभी राहून अंग खाजवत होती आणि टँकरचा ठराव एकमताने मंजूर झाला. काकांनी घाबरून पाड्यावर फोन लावला. फोन काशीने उचलला. "काका, मी सांगितलं व्हतं ना, तिला घेऊ नका. पानी लावू नका आता. ओलं शेन चोपडा, सुकू द्या, मग ओढून काढा." त्या संध्याकाळी चेअरमन गच्चीवर शेण फासून बसले होते. उतार पडला, पण ते दृश्य आम्ही विसरलेलो नाही. बुधीआजी म्हणे आठवडाभर हसत होती. वही तिने चुलीत घातली आणि काकांचं खरं शिक्षण त्या दिवशी सुरू झालं.

तीन वर्षांत काका बदलले. ऊन, पाऊस, एकही रविवार चुकला नाही. शिकलेलं ते आम्हाला सांगू लागले. झाडाला आधी विचारायचं, कोणासाठी पाहिजे ते खरं सांगायचं. औषधाचा पैसा घ्यायचा नाही. दारात आलेल्याला परत पाठवायचं नाही, आणि आपल्या हातातलं नसेल तर "माझ्याच्यानं व्हनार नाय" असं तोंडाने म्हणून त्याला सरळ सरकारी दवाखान्यात धाडायचं. शेवटचा नियम काकांना सगळ्यात जास्त आवडायचा. "मोठमोठ्यांना हे वाक्य बोलता येत नाही," ते म्हणायचे. आम्ही त्यांना हसायचो, पण मुलाला खोकला झाला की बायको डॉक्टरांकडून आल्यावर काकांचं दारही वाजवायची. ते येऊन मुलाला विचारायचे, "बघू का छाती?" मुलगा मान डोलवायचा. काका नुसता हात ठेवून बसायचे. मुलगा झोपायचा.

एकच गोष्ट त्यांना हवी होती आणि ती ते लपवत नसत. बुधीआजी थकली होती. गुण देणारा हात मरायच्या आधी दुसऱ्याच्या हातात द्यायचा, एकालाच द्यायचा, आणि दिला की आपला रिकामा, अशी त्या पाड्याची रीत. तिचा मुलगा, म्हणजे काशीचा नवरा लहानू, टेम्पो चालवतो, त्याला यात रस नाही. "हात मला मिळाला पाहिजे," काका म्हणायचे, आणि म्हणताना स्वतःच्या तळव्याकडे बघायचे.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर एका सकाळी ते आमच्या दारात आले. "येऊ का?" "आजीने सांगितलंय. या रविवारी हात देणार. साक्षीला एक माणूस आण म्हणाली. तुम्ही येता का?"

मी गेलो. काकांनी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि डोंगर चढताना तो चुरगळू नये म्हणून हात अंगापासून लांब धरले होते. अंगणात बुधीआजी बसली होती. पुढ्यात तांब्याभर पाणी आणि पानावर थोडे तांदूळ. लहानू बाजेवर होता, पाड्यावरची पाचसहा माणसं जमली होती. काशी ओट्यावर भाकऱ्यांचं पीठ मळत होती.

"सुईवाल्या, हात पुढं कर," आजी म्हणाली.

काकांनी केला नाही. "आजी, आधी एक विचारू का?"

"इचार."

"पावसाळ्यात तुमचे गुडघे धरले होते. दोन महिने उठला नाहीत. दारात माणसं येत होती. त्यांना कोणी बघितलं?"

"काशीनं."

"पाला कोणी आणला?"

"काशीनंच. मी कुठं जानार व्हते?"

"कोणाला दवाखान्यात धाडायचं, ते कोणी ठरवलं?"

लहानू बाजेवर उठून बसला. काशीचे हात परातीत थांबले.

"ती सून हाय," आजी शेवटी म्हणाली. "सुनंला देत नाय आमच्यात. बापाचा पोराला, नायतर आयचा पोराला."

"मग मी कोणाचा पोरगा?" काका म्हणाले. "मी तर तुमच्या जातीचा नाही, पाड्याचा नाही. तीन वर्षांत अडुळसा ओळखायला शिकलो. मी चालतो, तर ती का चालत नाही?"

मला वाटलं म्हातारी आता तांब्या उचलून आत जाणार. ती काकांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"तू मागं सरतोस?"

"सरतो."

"परत मागशील तर मिळनार नाय."

"ठाऊक आहे."

आजीने मान वळवली. "काशे, देऊ का तुला?"

काशीने आधी सासूकडे बघितलं, मग काकांकडे. "माझे हात पिठाचे हायत," ती म्हणाली.

"तसेच आन."

तिने ते तसेच आणले. आजीने त्यांवर पाणी सोडलं, तांदूळ ठेवले आणि आपल्या दोन्ही हातांत बराच वेळ धरून ठेवले. काही पुटपुटली ते मला ऐकू आलं नाही. सोडले तेव्हा आजीचे हात मांडीवर पडले आणि तिने ते पुन्हा उचलले नाहीत. काशीने डोळे पुसले, कपाळाला पीठ लागलं. मग तिने सगळ्यांना भाकऱ्या वाढल्या.

आम्ही निम्मी वाट उतरलो. न राहवून मी विचारलं, "काका, वाईट वाटलं?"

"वाटलं ना. खोटं कशाला सांगू." ते एका दगडावर बसले. "चौतीस वर्षं माणसं माझ्यासमोर बसली आणि तोंड फिरवून राहिली. सुई बघवत नाही ना. लहान मुलं मला बघून रडायची. माझा हात आला की प्रत्येकाने दुसरीकडे बघायचं, असं आयुष्य गेलं. वाटलं, म्हातारपणी तरी असा हात मिळावा, की माणूस आपणहून हात पुढे करील." त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. इस्त्रीची पर्वा केली नाही. "पण जे तिचंच होतं ते मी कसं घेऊ?"

मला त्यांचा फार अभिमान वाटला. मी आपला त्यांच्या शेजारी बसून राहिलो. मग आम्ही उठलो आणि खाली येऊन रिक्षा पकडली.

सोसायटीच्या गेटवर चेअरमन, शिर्केबाई, वॉचमन, सगळे उभे होते. बायकोने बातमी फोडलेली असणार. चेअरमन पुढे झाले. "काय काका, मिळाला का हात?"

"मिळाला," काका म्हणाले.

"वा! बघू, बघू."

"मला नाही," काका म्हणाले. चुरगळलेल्या शर्टात ते ताठ उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सांगितलं, "आमच्या सुनेला मिळाला."

काकांचं लग्न झालेलं नाही, हे बिल्डिंगमध्ये वॉचमनलासुद्धा ठाऊक आहे. चेअरमननी एकदा माझ्याकडे बघितलं, मग काकांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "अभिनंदन काका. सूनबाईंना घेऊन या एकदा."