बघायचं, हात लावायचा नाही!

आमच्या हॉस्पिटलात माझ्या तक्त्यातला कानामात्राही कोणाला हलवता येत नाही! हे वाक्य मी गेल्या महिन्यात निदान चाळीस जणांना ऐकवलं असेल. एकोणचाळीस जणांनी जांभई दिली. चाळिसावे माझे सासरे. ते म्हणाले, "ते ठीक आहे जावईबापू, पण तुम्ही दिवसभर करता काय?"

आता तुम्हीही विचारण्याआधी सांगून टाकतो. पेशंटची सगळी माहिती एका मोठ्या कॉम्प्युटरवर असते. वॉर्ड, स्वयंपाकघर, ऑपरेशन थिएटर, प्रत्येकाचा वेगळा प्रोग्राम. तो मोठ्या कॉम्प्युटरला विचारतो, "हा पेशंट कोण?" की उत्तर येतं. पूर्वी या उत्तरात जो तो बोटं घालायचा. मी तो कारभारच बंद केला! आता उत्तर कुलूपबंद तक्त्यात जातं. डावीकडे वय, तक्रार, सूचना; उजवीकडे त्यापुढची माहिती. दुकानातल्या काचेच्या कपाटासारखं. बघायचं, हात लावायचा नाही! शिवाय दाखल होताना मिळालेला तक्ता डिस्चार्जपर्यंत तोच. मध्येच कोणी डाव्या डोळ्याचा उजवा करायला नको. "आता मलासुद्धा बदलता येणार नाही!" असं मी छाती फुगवून सांगितलं, तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

तर सासरे. पन्नास वर्षं घड्याळजी. डोळ्यांत मोतीबिंदू झाला आणि दुकान बंद पडलं, पण ऑपरेशनचं नाव काढलं की यांचं पोट दुखायचं. दोन वर्षं विनवण्या करून आम्ही हात टेकले. शेवटी एकदाचे तयार झाले, तेही डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई महिनाभराच्या रजेवर जाणार त्याच दिवशी. बाई एकला निघणार होत्या.

सकाळी बायको म्हणाली, "आज बाबा तसेच परत आले ना, तर पुन्हा कधीच तयार होणार नाहीत. मग तूही घरी येऊ नकोस!"

"अगं, हॉस्पिटल माझं आहे," मी म्हणालो. काय ती ऐट!

अकरा वाजता वॉर्डातून सिस्टरचा फोन. "सर, तुमच्या सासऱ्यांनी भिंतीवरचं घड्याळ उतरवलंय. उघडतायत."

"मग थांबवा ना त्यांना!"

"कसं थांबवू? सूचना आहे ना!"

मी धावत वॉर्डात गेलो. खाटेजवळच्या पडद्यावर झळकत होतं:

वय: ६
तक्रार: सगळ्यांबद्दल
सूचना: हट्टी आहेत. वाद घालू नये. म्हणतील त्याला हो म्हणावं.
नोंद करणारा: जावई

माझ्या तोंडचं पाणी पळालं. तक्ता तपासून बघताना मीच गंमत म्हणून सासऱ्यांच्या नावानं हे भरलं होतं आणि पुसायचं विसरलो होतो! सकाळी त्यांचं नाव टाकल्याबरोबर कॉम्प्युटरनं जुना पेशंट म्हणून तेच उचललं आणि काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. माझंच कुलूप!

"सिस्टर, हे बदला!"

"बदलता येत नाही सर. तुम्हीच शिकवलंत."

"मग डिस्चार्ज देऊन परत दाखल करा."

"कागद पूर्ण व्हायला तीन वाजतील."

सासरे मात्र खुशीत होते. "माणसं फार चांगली आहेत हो इथली! मी म्हटलं, तुमचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे. हो म्हणाल्या. म्हटलं, मी उघडतो. हो म्हणाल्या. घरी कोणी इतकं ऐकत नाही."

तेवढ्यात थिएटरातून फोन. "सर, आमचा प्रोग्राम पुढं जात नाही. पेशंट सहा वर्षांचा आहे. आईवडिलांची सही हवी!"

"ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत हो!"

"मग आईवडिलांची सही अवघडच आहे."

मी डॉक्टरीणबाईंकडे पळालो, हात जोडले, जे केलं ते सगळं कबूल केलं. आयुष्यात इतका लहान मी कधीच झालो नव्हतो. बाई म्हणाल्या, "जुनी कागदी फाईल आहे ना? तपासण्या मी स्वतः केल्यात. माणूस आणा, सव्वाबाराला घेते."

जिवात जीव आला. वॉर्डात परत आलो तर खाट रिकामी!

"सिस्टर, बाबा कुठायत?"

"ते म्हणाले, मला भीती वाटते, मी घरी जातो." सिस्टर पडद्याकडे बघत म्हणाल्या, "मी हो म्हणाले."

मी मटकन खाटेवर बसलो. संपलं सगळं. त्यांचा डोळा गेला, माझं घर गेलं, आणि दोन्ही मी स्वतःच्या हातानं घालवलं. रडावंसं वाटत होतं. तेवढ्यात खाटेखालून आवाज आला.

"पाय उचला जावईबापू. स्क्रू पडलाय."

सासरे! घरचे कपडे घातलेले, पिशवी काखेला, आणि गुडघ्यांवर रांगत फरशी चाचपत होते. "घरीच चाललो होतो. पण उघडं घड्याळ टाकून मी कधी उठलेलो नाही."

मी वाकलो. स्क्रू त्यांच्या हातापासून दोन बोटांवर चमकत होता. तिथून त्यांचा हात दोनदा फिरला, तरी त्यांना दिसला नाही. मी तो उचलून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो डोळ्याशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. मग हळूच म्हणाले, "करून टाकू या ऑपरेशन."

"हो बाबा!" सिस्टर आणि मी एकदमच ओरडलो.

ऑपरेशन झालं. उत्तम झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी बायको आणि मी दोन्ही बाजूंना उभे असताना सिस्टरनी पट्टी काढली. सासऱ्यांनी डोळ्याची उघडझाप केली, दुरुस्त घड्याळात किती वाजले ते सेकंदासकट सांगितलं. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी मान वळवली. डिस्चार्ज व्हायचा होता, त्यामुळे पडदा कालचाच होता. सावकाश, वरपासून खालपर्यंत, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत ते बघत राहिले.

मी घाईघाईनं म्हणालो, "बाबा, ते बदलता येत नाही हो. फक्त वाचता येतं."

"येतंय ना," सासरे म्हणाले. "एकदम स्वच्छ!"