हात न लागलेल्या विटा

नागसेनने सकाळपासून आवाराला इतक्या फेऱ्या मारल्या होत्या की त्याच्यामागे शेपटी हलवत फिरणारा कुत्रासुद्धा थकून ट्रकखाली जाऊन पडला. एका जागी बसणं नागसेनला जन्मात जमलं नव्हतं. चहा तो उभ्याने घेई, जेवताना मधेच उठून मोटरपंप बघून येई, आणि फोन कानाला धरायलाही सवड नसे, म्हणून तो कायम स्पीकरवर ठेवून वरच्या खिशात घाली. त्यामुळे त्याच्या घरची सगळी गुपितं पोंभुर्ण्याच्या बाजारात ज्याला त्याला ठाऊक होती.

आज मात्र अस्वस्थ व्हायला खरंच कारण होतं. वैनगंगेपलीकडे, त्याच्या सासुरवाडीला, नव्या विहाराची पहिली वीट आज बसायची होती. ती बसवायला भंतेजी येणार होते. भंतेजी बाराच्या आत भोजन घेत. बारा टळले की दुसऱ्या दिवसापर्यंत अन्न वर्ज्य. म्हणजे आधी वीट, मग भोजन, आणि हे सारं बाराच्या आत. विटा यायच्या होत्या नागसेनच्या राखेच्या विटांच्या कारखान्यातून, आणि विहार समितीचे अध्यक्ष होते त्याचे सासरे, रिटायर्ड पोस्टमास्तर सोमाजी. जावयाबद्दल त्यांचं मत लग्नाच्या मांडवातच ठरून गेलं होतं. "पोरगा चांगला हाय, पन जागेवर ठरत नाई. आज हे धरते, उद्या ते सोडते." विहाराच्या साऱ्या विटा जावयाकडून घ्यायच्या की आरमोरीकडच्या दुसऱ्या माणसाकडून, ते आजच्या पहिल्या ट्रकवर ठरणार होतं. विटांपेक्षाही नागसेनला ते मत पुसायचं होतं. लग्नाला सात वर्षं झाली तरी ते मत त्याला खुपत होतं.

खिशातला फोन बोलू लागला. बायको, रश्मी. ती कालच माहेरी पोचली होती.

"निघाले काय?"

"भरून राह्यलो. निघतोच."

"बाबा दारातच खुर्ची टाकून बसले. सांडशीचं सांगू काय त्यायले?"

"अजिबात नाई! ट्रक उभा राह्यला का मीच सांगतो. आधी सांगतलं तर म्हनतीन, पाहा, आनलं पुन्हा नवीन काई तरी."

सांडशी म्हणजे नागपूरहून गेल्याच आठवड्यात आणलेलं, विटा उचलायचं जुनं यंत्र. त्याचं कंपनीचं नाव लांबलचक होतं, पण पुढे दोन लोखंडी बाहू, त्यांना आतून जाड रबर, आणि विटांच्या थप्पीला दोन्ही बाजूंनी आवळून ते ती अख्खी उचलतं, हे पाहिल्याबरोबर विटा वाहणाऱ्या बायकांनी त्याला सांडशी म्हणायला सुरुवात केली. चुलीवरचं पातेलं उतरवायचं, तसंच ते.

त्याच बायकांचा आज पत्ता नव्हता. मोहाची फुलं पडत होती. या दिवसांत अंधार सरायच्या आत जंगलशेजारच्या गावांतली माणसं टोपल्या घेऊन आपापल्या झाडाखाली जातात, आणि ऊन तापल्याशिवाय परतत नाहीत. कारखाना असो की सरकार, मोहापुढे कुणाचं चालत नाही. दरवर्षी या दिवसांत नागसेन हातपाय आपटत असे. यंदा त्याने फक्त सांडशीकडे बोट केलं.

"मिथुन, चाल. लाव."

मिथुन हा त्याचा ड्रायव्हर. ट्रकही तोच चालवी, आणि आठवडाभरात सांडशीही शिकला होता. रबरी बाहूंनी थप्पी आवळली, यंत्र गुरगुरलं, आणि अख्खी थप्पी डोक्यावरून तरंगत ट्रकमध्ये जाऊन बसली. नागसेनला इतका आनंद झाला की त्याने कुत्र्यालाच शाबासकी दिली. एकाही विटेला माणसाचा हात लागला नव्हता.

दुसऱ्या थप्पीला मिथुन थबकला. वरच्या बैठकीवरून मान लांब करून म्हणाला, "भाऊ, थप्पीवर लुगडी हायेत. अंथरली कोनं तरी."

थप्प्या दोन-दोन रचलेल्या, माणसाच्या डोक्याहून उंच. खालून नागसेनला काय दिसणार? आणि दिसलं असतं तरी तो बघायला थांबला असता, असं नाही. राखेच्या विटांवर पाणी मारून त्या ओल्या राहाव्यात म्हणून गोणपाटं, जुनी लुगडी टाकतातच.

"पान्याची असतीन. राहू दे."

"काई बांधल्यासारखं दिसते, भाऊ."

"मिथुन, तिकडं भंतेजी उपाशी राहतीन अन तू लुगडी मोजून राह्यला! उचल!"

मिथुनने उचललं. थप्पीवर थप्पी बसली. वर ताडपत्री ओढून दोरांनी करकचून बांधली, आणि दूधवाल्यालाही लवकर वाटेल इतक्या सकाळी ट्रक फाटकाबाहेर पडला. नागसेनला वाटलं, आज आपण वेळेच्याही पुढे आहोत. असं त्याला क्वचितच वाटे, त्यामुळे ते त्याला पटलंच नाही, आणि तो उगाच आणखी अस्वस्थ झाला.

ऊन चढलं. ताडपत्री तापली. मिथुन नाक वर करून हुंगू लागला.

"भाऊ, गोड वास येऊन राह्यला."

"मोहाचे दिवस हायेत. दोन्ही बाजूनं जंगल. येईन नाई तं काय?"

"जंगल मांग राह्यलं, भाऊ. वास संगच येऊन राह्यला."

नागसेनने खिडकीतून मान बाहेर काढली. पुलापाशी नाका दिसत होता. गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी, त्यामुळे येणाऱ्या गाड्या तिथे थांबवून बघतात. नाक्यावरचा हवालदार वयस्क, सभ्य आणि नाकाने तिखट होता. त्याने कागद पाहिले, ट्रकला एक फेरी मारली आणि ताडपत्रीपाशी येऊन डोळे मिटून श्वास घेतला.

"काय भरलं जी?"

"विटा. विहाराच्या."

"विटायले असा वास येते?"

"नवीन हायेत," नागसेन म्हणाला. हे उत्तर त्याचं त्यालाच पटलं नाही.

इतक्यात खिशातला फोन वाजला आणि सवयीने त्याचा हात स्पीकरवर गेला. विटा वाहणाऱ्या बायकांतल्या नीलाबाईचा आवाज, जंगलात एका टेकडीवरून दुसरीवर हाक मारावी तसा, सगळ्या नाक्यावर घुमला.

"नागसेनभाऊ! माहा मोह कुठी नेला गा?"

हवालदाराने नागसेनकडे पाहिलं. नागसेनने खिशाकडे पाहिलं.

"थप्प्यांवर वाळत घातला होता आम्ही साऱ्याजनींनी! तीन दिवसांचा! रातीले लुगड्यात बांधून ठेवला होता, आज पसरवाचा होता. येऊन पाहातो तं थप्प्याच नाईत!"

"नीलाबाई, पन थप्प्यांवर काऊन ठेवला? मले सांगतलं काऊन नाई?"

"कधी सांगतलं होतं, ते सांगा? दरसाल तिथीच वाळवतो. तापतात चांगल्या. आम्हीच भरतो, म्हनून पयले वरचा मोह उतरवतो, मंग वीट काढतो. वीट काय खालून काढते कोनी?"

तिचं अक्षर न् अक्षर खरं होतं. हाताने भरणारा माणूस थप्पीच्या माथ्यापासून सुरुवात करतो, त्याला माथा दिसतोच. सांडशी कुशीत धरते. तिला माथ्याशी देणंघेणं नाही, आणि तिच्या मालकाला तर आज कशाशीच नव्हतं.

हवालदाराने खिशाकडे तोंड करून अदबीने विचारलं, "बाई, मोहच हाय न फक्त? का काढलेली दारू बी हाय?"

"कोन बोलते?"

"पोलीस."

"मंग बरं झालं! त्यायले जाऊ देऊ नोका! आम्ही येऊन राह्यलो," असं म्हणून नीलाबाईने फोन ठेवला.

हवालदाराचं म्हणणं चुकीचं म्हणता येत नव्हतं. मोह नेण्याला त्याची हरकत नव्हती. पण ताडपत्रीखाली, विटांच्या दोन थरांच्या मधोमध, पोटळ्या बांधून मोह नेणारा माणूस त्याने नोकरीत पाहिला नव्हता. मधल्या पोकळीत आणखी काय आहे, ते त्याला तळापर्यंत बघायचं होतं. "खाली करा," तो म्हणाला, "मंग जा खुशाल."

"सांडशी इथी असती तं पाच मिनिटांचं काम होतं," मिथुन हळहळला. मग त्याने आणखी एक विचार मांडला. "भाऊ, पयली वीट एकच बसते न? एक वीट मोटरसायकलवर आनली असती आपन."

नागसेनने त्याच्याकडे असं पाहिलं की मिथुन मुकाट्याने ट्रकवर चढला. नागसेनही चढला. राखेची वीट दिसते गुळगुळीत. हातात घेतली की कानशीसारखी घासते. जरा वेळात त्याच्या बोटांची सालटी निघाली. दबलेल्या पोटळ्यांतून मोहाचा रस विटांवर ओघळला होता, विटांवरून हातांवर आणि हातांवरून त्याच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर. मधमाश्या आल्या. पांढरा शर्ट त्यांनाही आवडला. खिशातला फोन मधून मधून बोलत होता.

"भंतेजी आले," रश्मी सांगत होती. मग, "बाबा घड्याळ पाहून राह्यले." मग, "बाबा आता माह्याकडं पाहून राह्यले."

अर्धा ट्रक बाकी असताना एक काळीपिवळी जीप धुरळा उडवत आली आणि तिच्यातून नीलाबाई आणि तिच्या बायका उतरल्या. नीलाबाई काटक, बुटकी, आणि बोलण्यात फार खर्च न करणारी. तिने पोटळ्या चाचपल्या, एक उघडून पाहिली, जिभेने च्यक् केलं आणि नागसेनकडे एकदाच पाहिलं. रागावली असती तर बरं, असं त्याला झालं.

"बाई, चुकलं माहं," तो म्हणाला. "जितका खराब झाला तितका भरून देतो. पन मले बाराच्या आत पोचू द्या. मामाजी जन्मभर बोलतीन."

"देजा भरून," नीलाबाई म्हणाली आणि पदर खोचला. "आता मधात उभे नोका राहू. रांगेत लागा."

बायकांनी रांग धरली. वीट एका हातातून दुसऱ्या हातात अशी उडू लागली की हवालदारही बघत राहिला. तळ दिसला, तळाशी लोखंडी पत्र्याखेरीज काही नव्हतं. हवालदाराने मान डोलावली. पुन्हा रांग, पुन्हा त्याच विटा, आता उलट्या दिशेने. रांगेच्या शेवटाला, ट्रकमध्ये विटा रचायला, नागसेन. तिथे थांबायची सोय नव्हती आणि पळायचीही नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच तो इतका वेळ एका जागी उभा राहिला. पोटळ्या काळीपिवळीतून परत गेल्या, बायका मात्र ट्रकवर चढल्या. "तिथी खाली कोन करीन? तुमची सांडशी?" नीलाबाईने विचारलं.

ट्रक सासुरवाडीला पोचला तेव्हा मंडपात पंचशील चाललं होतं. लोक भंतेजींच्या मागून एकेक शील म्हणत होते, आणि नेमकं पाचवं, मद्यापासून दूर राहण्याचं शील सुरू असताना मंडपात मोहाचा घमघमाट शिरला. मागच्या रांगेची मान वळली, मग मधल्या, मग पहिल्या. दारात नागसेन उभा होता. डोळे लाल, केस विस्कटलेले, शर्ट डागाळलेला, पाय लटपटत. त्याच्याभोवती दोन मधमाश्या अजून घुटमळत होत्या.

सोमाजी उठले. जवळ आले. हुंगलं.

"जवाईबापू," ते दबक्या आवाजात म्हणाले, "आज तरी नाई प्यायची होती."

"मामाजी, मी... ते सांड..." नागसेनची जीभ कोरडी पडली होती, आणि त्यामुळे शब्द अगदी तसेच बाहेर पडले जसे पडायला नको होते. मंडपात कुजबुज झाली. रश्मीने तोंडाला पदर लावला.

"पेले नाई जी ते," मागून नीलाबाईचा आवाज आला. "दमले. सारा ट्रक आपल्या हातानं खाली केला अन आपल्या हातानं भरला. दाखवा गा हात."

नागसेनने हात पुढे केले. सालटी गेलेली, फोड फुटलेले, राखेने आणि रसाने माखलेले. सोमाजींनी ते हात उलटेपालटे करून पाहिले. "पन सांडशी..." असं म्हणत मिथुनने तोंड उघडलं होतं, नीलाबाईने त्याच्या पायावर पाय दिला.

"हातानं?" सोमाजींचा आवाज बदलला. "मालक असून? मशीन-बिशीन मिळते म्हनतात आजकाल."

"मिळते," नागसेन म्हणाला. त्याला सगळं सांगून टाकायचं होतं. पण सासऱ्यांच्या डोळ्यांत जे सात वर्षांत कधी दिसलं नव्हतं ते दिसत होतं, आणि ते सोडवेना. "पन विहाराचं काम होतं, मामाजी."

सोमाजींनी माईक हातात घेतला. "पाहा! आमच्या जवायानं विहारासाठी वीट न् वीट सोता उचलली. श्रमदान याले म्हनतात. समितीच्या वतीनं मी आताच सांगतो, विहाराच्या साऱ्या विटा त्यायच्याकडूनच येतीन." टाळ्या पडल्या. नागसेनचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच सोमाजी पुढे म्हणाले, "अन पुढचे सारे ट्रकबी अशेच, त्यायच्या हातानं भरलेले! दर खेपेले मी सोता येतो तिथी. खुर्ची टाकून बसतो."

भंतेजींनी घड्याळाकडे पाहून घाईने पहिली वीट बसवली, आणि "साधु, साधु, साधु" असा घोष झाला. नागसेननेही हात जोडले. सोललेले तळहात एकमेकांना लागताच त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि साऱ्या सासुरवाडीला वाटलं, जावयाला गहिवरून आलं.