मोराच्या जाळीचा पंचनामा

एका जंगलात, मुलांनो, एक मोर राहत होता. नाव भपकेराव. त्याचा पिसारा एवढा लांब, की मागून बघायला लागलं तर मोर यायला वेळ लागायचा.

पण पावसाळा सरला की मोराचा पिसारा गळतो. हे तुमच्या चित्रांच्या पुस्तकात नसतं. पुस्तकवाले मोराची लाज राखतात.

भपकेरावांचाही गळला. शेवटचं पीस पडलं तसे ते करवंदीच्या जाळीत शिरले आणि बाहेर येईनात. पलीकडच्या टेकडीवरच्या लांडोरीचं स्थळ सांगून आलं होतं. पिसारा परत येईपर्यंत कुणाच्या दृष्टीस पडू नये, एवढंच बिचाऱ्यांचं म्हणणं होतं.

एका दुपारी चिमाबाई खारीने जाळीतून डोकं आत घातलं.

"अगंबाई! भावजी, तुमचं मागचं कुठं गेलं?"

भपकेराव मागे पळसाची पानं गुंडाळून तडक कोर्टात गेले. न्यायाधीश होता म्हातारा गवा. खारीचा वकील कोल्हा.

"साहेब, ही माझ्या खासगी आयुष्यात डोकावली."

"जाळीला दार आहे?" कोल्ह्याने विचारलं. "पाटी आहे? बरं, माझ्या अशिलाने नेमकं पाहिलं काय?"

"ते खासगी आहे. सांगणार नाही."

"बघा साहेब. काय पाहिलं हे फिर्यादीलाच सांगता येत नाही."

गव्याने बराच वेळ रवंथ केला.

"पाहिलेली गोष्ट खासगी होती की नाही, हे ती पाहिल्याशिवाय कसं ठरणार? जागेवर जाऊन पंचनामा करा."

"नको साहेब, मी फिर्याद मागे घेतो."

"आता ती सरकारची झाली," गवा म्हणाला.

पंच परके हवेत, ओळखीचे नकोत, असा कोल्ह्याने आग्रह धरला. म्हणून पलीकडच्या टेकडीवरून लांडोरी बोलावल्या.

उजेड नीट पडावा म्हणून जाळी तोडली, पळसाची पानंही सोडली. सगळं जंगल लोटलं. माकडिणींनी पोरं खांद्यावर घेतली. मधोमध भपकेराव उभे. लांडोरींनी त्यांच्याभोवती सावकाश एक फेरी मारली.

"पायही लिहून घ्यायचे का?" थोरल्या लांडोरीने विचारलं.

"आलाच आहात तर घ्या," गवा म्हणाला.

भपकेरावांनी डोळे घट्ट मिटून घेतले. त्यांना रडू आलं, आणि तेही पंचनाम्यात आलं.

मग गव्याने निकाल दिला. "जे सगळ्या जंगलाने पाहिलं, त्याला खासगी म्हणता येत नाही. सबब खार निर्दोष."

"पण साहेब, ते तुम्हीच दाखवलंत ना."

"मध्ये बोलू नका. भरदिवसा, बायाबापड्यांसमोर, या अवस्थेत उभं राहणं हा गुन्हा आहे. पिसारा येईपर्यंत रोज पाणवठ्यावर उभं राहायचं. सगळ्यांना दिसेल असं."

तात्पर्य : मुलांनो, कुणी तुमच्या घरात डोकावलं तर तक्रार करू नका, त्याला आत बोलावून चहा द्या. एकट्याने पाहिलं तर तो चोंबडेपणा असतो. सगळ्यांनी मिळून पाहिलं की त्याला न्याय म्हणतात.